हाडं मऊ करणारी गाठ शोधायची तर स्कॅन तळपायापर्यंत हवा

सुरुवात बहुतेक वेळा पायापासून होते. आधी टाच दुखते, मग घोटा, मग खुबा आणि कंबर. दुखणं एका जागी टिकत नाही, त्यामुळे घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही ते फारसं गंभीर वाटत नाही. काही महिन्यांनी जिना चढताना कठडा धरावा लागतो. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हात टेकून अंग वर ढकलावं लागतं. अंथरुणात कूस बदलायलाही कुणाचा तरी हात लागतो. शिंक आली की बरगडीत कळ जाते, आणि एक्स-रे काढला तर कुठेही न पडता, न धडपडता बरगडीला तडा गेलेला असतो. एक तडा भरून येण्याआधी दुसरा तयार. कॅल्शियम झालं, व्हिटॅमिन डी झालं, वाताच्या गोळ्या झाल्या, मणक्याचा एमआरआय झाला, तरी माणूस दिवसेंदिवस खचतच जातो.

अशा काही रुग्णांमध्ये या सगळ्याच्या मुळाशी एक छोटीशी गाठ असते. ती बहुतेकदा कॅन्सरची नसते, अगदी हळू वाढते, स्वतः सहसा दुखत नाही, आणि जिथे दुखतंय तिथे ती नसतेच. ती तळपायात असू शकते, मांडीच्या स्नायूत, जबड्यात, नाकाच्या आतल्या पोकळीत, अक्षरशः कुठेही. वैद्यकात या आजाराला ट्यूमर-इंड्यूस्ड ऑस्टिओमलेशिया म्हणतात, म्हणजे गाठीमुळे हाडं मऊ पडणं. आजार दुर्मीळ आहे खरा. पण गाठ सापडून पूर्ण काढली गेली तर तो मुळापासून बरा होतो, आणि तरीही पहिल्या दुखण्यापासून योग्य निदानापर्यंत सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ जातो. त्यानंतर गाठ सापडेपर्यंत आणखी काही वर्षं जाऊ शकतात. यातला बराचसा काळ वाचवता येण्यासारखा आहे, म्हणूनच यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी हाडाचं बघू. हाडाची बांधणी घराच्या स्लॅबसारखी असते. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची जाळी म्हणजे सळया, आणि त्या जाळीत भरलेलं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज म्हणजे काँक्रीट. शरीर रोज थोडं जुनं हाड काढून तिथे नवं घालत असतं. रक्तात फॉस्फेट कमी पडलं की जाळी विणली जाते, पण ती भरली जात नाही. असं अर्धवट हाड वजन पेलताना वाकतं आणि त्याला बारीक तडे जातात. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये हेच झालं तर त्याला आपण मुडदूस म्हणतो, मोठ्यांमध्ये ऑस्टिओमलेशिया. स्नायूंनाही काम करायला फॉस्फेट लागतं, म्हणून हाडांच्या दुखण्याबरोबर ती विचित्र अशक्तताही येते.

ऑस्टिओपोरोसिस हा वेगळा आजार. तिथे हाड मुळात कमी झालेलं असतं, उरलेल्या हाडातलं खनिज मात्र ठीक असतं. घोटाळा असा होतो की हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत दोन्ही आजारांत आकडा कमीच येतो. तेवढ्या आकड्यावर ऑस्टिओपोरोसिसचं औषध सुरू झालं की मूळ आजार मागेच राहतो.

आता फॉस्फेट कमी का पडतं? आपल्या हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं एक संप्रेरक तयार करतात. रक्तात फॉस्फेट जास्त झालं की हे संप्रेरक वाढतं आणि किडनीला सांगतं की जादाचं फॉस्फेट लघवीवाटे सोडून दे. फॉस्फेट कमी झालं की ते स्वतःही कमी होतं. गाठीच्या पेशी हेच संप्रेरक बनवतात, पण त्यांना कसलाच धरबंध नसतो. रक्तातलं फॉस्फेट तळाला गेलं तरी त्या ते ओततच राहतात. किडनीच्या नलिकांमध्ये फॉस्फेट परत आत ओढून घेणारी जी प्रथिनं असतात, ती या संप्रेरकामुळे कमी होतात आणि फॉस्फेट लघवीतून वाहून जातं. वर आणखी एक घाव बसतो: व्हिटॅमिन डीला सक्रिय रूप देण्याचं किडनीचं काम हेच संप्रेरक रोखतं. सक्रिय डी नाही म्हणजे आतड्यातून फॉस्फेट पुरेसं शोषलं जात नाही. इकडून गळती, तिकडून आवक कमी. व्हिटॅमिन डीच्या साध्या गोळ्यांनी या रुग्णांना उतार का पडत नाही, ते यावरून लक्षात येईल. गोळी पोटात जाते, रक्तात साठवणीच्या डीचा आकडा छान दिसतो, पण पुढची पायरीच बंद असते.

हे सगळं माणसाला उमगायला बराच काळ लागला. १९४७ मध्ये रॉबर्ट मॅकॅन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी साधारण पंधराव्या वर्षी हा आजार सुरू झालेल्या एका मुलीची हकीकत लिहून ठेवली. तिला व्हिटॅमिन डीचे प्रचंड डोस द्यावे लागत होते, आणि मांडीच्या हाडातली गाठ काढल्यावर ती खऱ्या अर्थानं सुधारली. तरी गाठ आणि आजार यांचा थेट संबंध तेव्हा मांडला गेला नव्हता. तो मांडला १९५९ मध्ये स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी. त्यांच्या साडेअकरा वर्षांच्या रुग्ण मुलीच्या बरगडीत गाठ होती, ती काढली आणि मुडदूस बरा झाला. गाठीतून काहीतरी रक्तात उतरतंय एवढं कळलं, पण ते काय हे २००१ पर्यंत ठाऊक नव्हतं. त्या वर्षी एफजीएफ-२३ हाच तो पदार्थ असल्याचं दाखवलं गेलं, आणि मग तो रक्तात मोजताही येऊ लागला.

स्कॅनकडे वळण्याआधी एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. स्कॅन ही या शोधातली पहिली पायरी नव्हे. पहिली पायरी आहे रक्तातल्या फॉस्फेटची तपासणी. ही अगदी साधी तपासणी आहे, पण नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत ती असतेच असं नाही. कॅल्शियम बघितलं जातं, ते बहुधा नॉर्मल येतं आणि विषय तिथेच मिटतो. मोठ्या माणसात उपाशीपोटी रक्तातलं फॉस्फेट साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. या आजारात ते बऱ्याचदा २ च्याही खाली असतं. अल्कलाइन फॉस्फेटेज हा हाडांच्या धडपडीचा आकडा वाढलेला दिसतो. लहान मुलांचं फॉस्फेट मुळात मोठ्यांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे मोठ्यांची मोजपट्टी लावली तर मुलाचा कमी आकडाही नॉर्मल वाटू शकतो. रिपोर्टवर वयाप्रमाणे मर्यादा छापल्या आहेत का, ते पाहावं.

फॉस्फेट कमी आलं की रक्त आणि लघवी एकाच वेळी घेऊन किडनी किती फॉस्फेट धरून ठेवते आहे याचं गणित मांडतात. रक्तात फॉस्फेटचा दुष्काळ असताना निरोगी किडनी जवळजवळ सगळं राखून ठेवते. तरीही ते लघवीत जात असेल तर गळती किडनीतच आहे हे नक्की. मग एफजीएफ-२३ मोजतात. इथे एक बारकावा आहे, आणि तो निसटला तर निदानही निसटतं. फॉस्फेट इतकं खाली असताना हे संप्रेरक दबलेलं असायला हवं. म्हणून ते वाढलेलं आलं तर प्रश्नच नाही, पण नुसतं नॉर्मल आलं तरी ते संशयास्पदच आहे.

याच टप्प्यावर दुसऱ्या शक्यता बाजूला काढाव्या लागतात. एक्सएलएच (एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया) हा किडनीतून फॉस्फेट गळवणारा आनुवंशिक आजार असेल तर लहानपणापासून पाय वाकलेले, उंची कमी, घरात आणखी कुणाला तसाच त्रास अशा खुणा बहुधा मिळतात. टेनोफोविर किंवा ॲडेफोविरसारखी विषाणूंवरची औषधं किडनीच्या नलिकांना इजा करून फॉस्फेट घालवू शकतात. शिरेतून दिलं जाणारं फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे लोहाचं इंजेक्शन चक्क एफजीएफ-२३ वाढवतं. घेतलेल्या प्रत्येक औषधाची आणि सलाइनची यादी डॉक्टरांसमोर ठेवणं म्हणूनच फार मोलाचं आहे.

आता शोध. गाठ कधी कधी सेंटीमीटरभरसुद्धा नसते आणि ती हाडात किंवा कुठल्याही मऊ भागात बसलेली असते. एमआरआय आणि सीटी शरीराची रचना दाखवतात. कुठे बघायचं हे माहीत असेल तर त्यांच्यासारखं साधन नाही. पण माहीत नसताना डोक्यापासून पायापर्यंत रचना बघत गेलं तर प्रत्येकाच्या शरीरात निरुपद्रवी गोळे, चरबीच्या गाठी, जुन्या जखमांच्या खुणा निघतात. त्यातली दोषी कोणती हे आकारावरून ओळखता येत नाही. हाडांचा साधा बोन स्कॅन केला तर तडे गेलेल्या सगळ्या जागा उजळतात: बरगड्या, खुबे, पावलं. म्हणजे नुकसान कुठे कुठे झालंय ते कळतं, ते करणारा मात्र दिसत नाही. उलट एवढे ठिपके बघून कॅन्सर हाडांत पसरलाय असा समज झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. त्या घरावर तेव्हा काय कोसळत असेल याची कल्पनाही करवत नाही.

या गाठींच्या पेशींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे ते संप्रेरक जिथे येऊन चिकटतं त्या जागा, भरपूर असतात, विशेषतः त्यातला दुसरा प्रकार. ही खूण हाताशी आल्यावर शोधाची रीतच बदलली. सोमॅटोस्टॅटिनशी साधर्म्य असलेला एक छोटा रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि शिरेतून सोडायचा. जिथे ते रिसेप्टर दाट असतील तिथे तो जाऊन चिकटतो. सुरुवातीला यासाठी इंडियम-१११ लावलेलं ऑक्ट्रिओटाइड वापरत, पण त्याची चित्रं तितकीशी रेखीव येत नसत. आता जिथे सोय आहे तिथे गॅलियम-६८ लावलेल्या डोटाटेट, डोटाटॉक किंवा डोटानॉक या औषधांवर पेट-सीटी करतात, आणि या गाठी शोधण्यात त्याचा हात सगळ्यात वरचा मानला जातो.

गॅलियम-६८ च्या अणूतून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो. जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरण एकमेकांच्या उलट दिशांना सुटतात. मशीनच्या कड्यात बसवलेले डिटेक्टर हे दोन्ही किरण एकाच क्षणी टिपतात, म्हणजे ते जिथून निघाले ती जागा या दोन डिटेक्टरना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी आहे. अशा लाखो रेषा कॉम्प्युटर एकत्र करतो आणि औषध कुठे साठलंय त्याचा नकाशा उभा राहतो. त्याच टेबलावर, त्याच वेळी सीटी होतो. नकाशावरचा ठिपका कुठल्या हाडात किंवा स्नायूत आहे हे सीटीवरून समजतं.

रुग्णाच्या बाजूनं बघितलं तर यात अवघड काही नसतं. हाताच्या शिरेतून एक इंजेक्शन, मग साधारण तासभर शांत बसणं, भरपूर पाणी, स्कॅनआधी लघवीला जाऊन येणं आणि टेबलावर न हलता पडून राहणं. खरा त्रास त्या पडून राहण्याचा असतो, कारण बरगड्या आणि कंबर दुखत असताना कडक टेबल सोसवत नाही. वेदनाशामक आधी घेता येईल का, गुडघ्यांखाली उशी मिळेल का, हे तिथल्या तंत्रज्ञांना आधीच विचारावं. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटांचं आहे, म्हणजे दर ६८ मिनिटांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते आणि त्याच दिवसात जवळजवळ संपते. गर्भारपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते मात्र आधी सांगायलाच हवं.

ज्या मुद्द्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो इथे येतो. पेट-सीटी बहुतेक कॅन्सरसाठी केला जातो, आणि त्या रुग्णांत तो कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत घेण्याचा प्रघात आहे. हात बहुधा डोक्यावर घेतलेले असतात, त्यामुळे तेही चित्राबाहेर राहू शकतात. कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांना एवढं पुरतं. हाडं मऊ करणाऱ्या या गाठी मात्र सगळ्यात जास्त पायांत सापडतात, आणि डोकं-चेहऱ्याच्या भागातही बऱ्याच. म्हणजे नेहमीचा स्कॅन नेमका त्याच जागा सोडून देतो. रिपोर्टवर होल बॉडी पेट-सीटी असं लिहिलेलं असतं, खाली काही आढळलं नाही असा शेरा असतो, आणि गाठ टाचेत बसलेली असते. या आजारासाठी स्कॅन टाळूपासून पायाच्या बोटांच्या टोकापर्यंत आणि दोन्ही हातांच्या बोटांपर्यंत घ्यायला हवा. काही मशीनवर त्यासाठी रुग्णाला उलटं फिरवून, पाय आधी आत घेऊन दुसरी फेरी करावी लागते. चिठ्ठीवर नुसतं पेट-सीटी न लिहिता कशासाठी आणि कुठून कुठपर्यंत हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावं. आधी झालेला स्कॅन निगेटिव्ह असेल तर फक्त शेरा न वाचता तो मांडीवरच थांबलाय का हे बघावं. मला विचाराल तर या संपूर्ण लेखातून एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

चित्र हाती आलं की ते वाचणं हीसुद्धा कसबाची गोष्ट आहे. डोटाटेटचं चित्र निरोगी माणसाचंही कोरं नसतं. प्लीहा ठळक चमकते, किडन्या, यकृत, ॲड्रिनल ग्रंथी, मेंदूखालची पिट्युटरी आणि मूत्राशय दिसतात. हे सगळं अपेक्षितच असतं. त्यापलीकडे भरत आलेले तडेही थोडंफार औषध ओढून घेतात. बरगड्यांवर ओळीनं फिकट ठिपके दिसले तर ते बहुधा तडेच असतात. गाठ सहसा एकच, आटोपशीर आणि आजूबाजूपेक्षा खूपच उजळ दिसते. झिजलेला सांधासुद्धा कधी कधी चकवतो. म्हणून रक्ताच्या तपासण्या आधी पक्क्या हव्यात: किडनीतून फॉस्फेट गळतंय हे सिद्ध झालेल्या माणसाच्या पायातला ठिपका आणि सहज केलेल्या स्कॅनमधला तसाच ठिपका यांचं वजन सारखं नसतं.

ठिपका दिसला की तेवढ्याच भागाचा एमआरआय किंवा सीटी करून गाठीची नेमकी हद्द ठरवतात. दोन-तीन जागांचा संशय असेल तर वेगवेगळ्या भागांतून परतणाऱ्या शिरांमधलं रक्त घेऊन त्यात एफजीएफ-२३ मोजता येतं. ज्या शिरेत ते एकदम उसळलेलं सापडेल तिच्या वाटेवर गाठ. हे मात्र संशयित जागा हाताशी असतील तरच उपयोगी, अंधारात सरसकट करण्याचं काम नव्हे. साखरेवर आधारलेला एफडीजी पेट स्कॅनही कधी कधी मदतीला येतो. पण या गाठी संथ असल्यानं साखर त्यामानानं कमी ओढतात आणि तडे तिथेही उजळतात.

एवढ्या यंत्रांच्या गर्दीत एक साधी तपासणी विसरली जाते: हातानं चाचपून बघणं. तळपाय, बोटांमधल्या बेचक्या, पोटरी, मांडी, जांघ, टाळू, हिरड्या. कित्येक वर्षांपासूनची न दुखणारी बारीकशी गाठ रुग्णाला ठाऊक असते, पण हाडांच्या दुखण्याशी तिचा संबंध असेल असं कुणाच्याच मनात येत नाही. कुणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही. आपणहून सांगावं.

गाठ सापडली की ती भोवतालच्या निरोगी भागाच्या किनारीसकट काढतात, कारण तिच्या कडा आजूबाजूला शिरलेल्या असू शकतात आणि थोडी जरी उरली तरी आजार परततो. त्यानंतर जे घडतं ते बघणं फार सुखावणारं असतं. एफजीएफ-२३ काही तासांतच खाली येतं. रक्तातलं फॉस्फेट थोड्याच दिवसांत नॉर्मल होतं. दुखणं आठवड्या-महिन्यांत ओसरत जातं. रिकामी राहिलेली हाडाची जाळी भरून यायला मात्र वर्षभरही लागू शकतं, तोपर्यंत पडण्या-आपटण्यापासून जपावं लागतं.

गाठ काढता येत नसेल अशा जागी असेल तर सुईतून उष्णता किंवा थंडी देऊन ती नष्ट करण्याचा मार्ग काही रुग्णांत वापरतात. आणि सापडलीच नाही तर उपचार थांबत नाहीत. फॉस्फेट दिवसातून अनेकदा विभागून आणि जोडीला सक्रिय व्हिटॅमिन डी, म्हणजे कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल, देतात. यात जुलाब होतात, आणि दीर्घकाळात किडनीत कॅल्शियम साठणं, पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडणं अशा गोष्टींवर नजर ठेवावी लागते. एफजीएफ-२३ ला थेट बांधून ठेवणारं बुरोसुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं या आजारासाठी २०२० मध्ये मंजूर केलं. ज्यांची गाठ सापडत नाही किंवा पूर्ण काढता येत नाही, त्यांच्यासाठी ते आहे. त्याच्या जोडीनं ठरावीक काळानं पुन्हा स्कॅन करत राहावं. संथ वाढणारी गाठ आज दिसली नाही तरी पुढे दिसण्याइतकी होते. जुने स्कॅनही टाकून देऊ नयेत: हा आजार जवळून पाहिलेल्या डॉक्टरांच्या नजरेला त्याच जुन्या चित्रात ती सापडू शकते.

ऑपरेशन यशस्वी झालेल्यांनीही फॉस्फेटची तपासणी सोडू नये. गाठ काही वर्षांनी त्याच जागी परत आल्याच्या नोंदी आहेत, आणि तेव्हा हाड दुखायला लागण्याआधी रक्तातला आकडा घसरतो.